मुलीचं नाव 'मनस्वी' ठेवायचंय, आणि घरात कोणी कोणाशी बोलत नाही

पत्र (ओळख काढून, थोडं छोटं करून):

मी २९ वर्षांची, माहेर नागपूर, सासरही नागपूरच, मनीषनगर. अडीच महिन्यांपूर्वी मुलगी झाली. तिला कावीळ म्हणून काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं त्यामुळे बाराव्या दिवशी बारसं झालं नाही, आता पुढच्या महिन्यात करायचं ठरलंय. मला आणि नवऱ्याला 'मनस्वी' नाव आवडलं. नवऱ्याने ॲपवर बघितलं तर तिथे अर्थ दिलाय दुर्गादेवीचं एक नाव. सासरे संस्कृतचे रिटायर्ड शिक्षक, ते म्हणतात हे रूप पुल्लिंगी आहे, मुलीला चालत नाही. सासूबाई म्हणतात मनस्वी म्हणजे लहरी, आपल्याच मनाचं करणारी, आणि नावासारखा स्वभाव होतो. मग नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला की मन हा शब्द सगळ्यात जुना, इंग्रजीतले माइंड आणि मॅन आपल्याकडूनच गेले. परवा मी जरा चढ्या आवाजात बोलले तर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मलेच मनस्वी मनत होते सारे. विचार तुह्या सासऱ्याले," आणि आत निघून गेल्या. तेव्हापासून घरात सगळे गप्प. मला झोप नाही, मधेच रडू येतं, कशात मन लागत नाही. प्रश्न एवढाच की मन ह्या शब्दाचा मूळ, खरा अर्थ काय? तो चांगला असेल तर सासूबाईंना पटवून देता येईल.

उत्तर:

तुला तू म्हणते, चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की प्रश्न तू शेवटी विचारलायस पण पत्रातलं महत्त्वाचं वाक्य त्याच्या दोन ओळी आधीच येऊन गेलंय आणि तू त्यावरून पुढे निघून गेलीस. त्याच्याकडे येईनच. आधी तू विचारलेलं सांगते, कारण मला स्वतःला शब्दांचं वेड आहे, बरीच वर्षं प्रूफं तपासून पोट भरलं, आणि असा प्रश्न सल्ला सदरात रोज येत नाही, इथे बहुतेक वेळा फ्लॅट कोणाच्या नावावर एवढंच येतं.

तर मन. संस्कृतात मनस्, आणि त्याच्या मागे धातू मन्, म्हणजे विचार करणं, मानणं, समजणं. आपण "मी त्याला मोठा मानतो" म्हणतो त्यातला मानतो तिथलाच. मत, मती, सुमती, मनीषा, मनन, मंत्र, आदर ह्या अर्थाचा मान, हे सगळं एकाच घरातलं गोत. मंत्र म्हणजे मन् ला 'त्र' लागून झालेला शब्द, विचार करायचं साधन, जसं पात्र म्हणजे प्यायचं साधन. तू मनीषनगरात राहतेस म्हणजे तुमच्या घराच्या पत्त्यातच हा शब्द बसलेला आहे आणि आजवर त्याने कोणाला लहरी केल्याचं ऐकलं नाही.

मेधा सुद्धा ह्याच घरातली समज, फक्त तिने आडनाव बदललंय. त्यातलं 'मे' म्हणजे मनस् चंच एक जुनं आखडलेलं रूप आणि पुढे 'धा' म्हणजे ठेवणं, मन ठेवणं, मन लावणं. पारशांचा देव अहुर मज्द, त्यातला मज्द आणि आपली मेधा ह्या सख्ख्या बहिणी. आणि सुमन. आपण फूल म्हणतो, पण संस्कृतात सुमनस् म्हणजे आधी चांगल्या मनाचा, प्रसन्न, आणि फूलही. माझ्या आईचं नाव सुमन. चांगल्या मनाची असाही अर्थ होतो हे तिला साठी उलटल्यावर माझ्याकडून कळलं तर म्हणाली, आता सांगून काय फायदा.

आता नवऱ्याचा फॉरवर्ड. अर्धा बरोबर आहे, म्हणूनच त्रासदायक आहे, पूर्ण खोटा असता तर डिलीट करून मोकळं होता आलं असतं. इंग्रजीतला माइंड, लॅटिनमधला मेन्स (ज्याच्यावरून मेंटल आलं, आणि आपल्याकडे गड्डीगोदामपासून सक्करदऱ्यापर्यंत "मेंटल आहे का बे" ऐकू येतं ते), ग्रीकमधला मेनोस म्हणजे जोम, पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातला, अवेस्तामधला, मनह् आणि आपलं मनस्, हे सगळे एका कुळातले आहेत हे खरं. पण आपल्याकडून तिकडे गेले हे खरं नाही. ह्या सगळ्या भाषांच्या मागे एक जुनी भाषा होती जी कोणी लिहून ठेवली नाही, तिच्यातून संस्कृतही आलं आणि लॅटिनही. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत भाषण केलं त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच झऱ्यातून आल्या असाव्यात, आणि तो झरा कदाचित आता उरला नसेल, असं मांडलं, तिथून ह्या अभ्यासाला वेग आला. म्हणजे संस्कृत ही इंग्रजीची आई नाही, फार तर मोठी मावशी, आणि मावशी थोर असली म्हणून काही तिने जन्म दिला असं होत नाही. आणि गंमत बघ, त्याच कुळातल्या इंग्रजी माइंडचा जुना अर्थ विचार असा नव्हताच, आठवण असा होता. रिमाइंड म्हणतो त्यात तो अजून शिल्लक आहे. एकाच घरातून निघालेल्या दोन शब्दांपैकी एक आठवणीकडे गेला, एक विचाराकडे. मॅन आणि मनु हे नातेवाईक मानतात पण त्यांचं विचार करण्याशी नातं आहे का ह्यावर आजच्या भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही. आपल्याकडे यास्काने निरुक्तात, म्हणजे शब्दांची मुळं सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, फार सुंदर सांगितलंय, मनुष्य का म्हणायचं, तर मत्वा कर्माणि सीव्यन्ति, विचार करून कामं शिवतात, टाका घालतात म्हणून. व्युत्पत्ती म्हणून ती पास होईल का नाही माहीत नाही, पण मला आवडते.

आणि सारखं दिसतं म्हणून नातं जोडायचं ठरवलं तर नागपुरात फारच गोंधळ होईल. आपण ण म्हणतो कुठे, पानी म्हणतो, लोनी म्हणतो, कोन आला म्हणतो. त्यामुळे आपल्या तोंडात मन म्हणजे मनही आणि चाळीस शेरांचा मणही. मण हा वजनाचा शब्द पार पश्चिम आशियातून व्यापाऱ्यांबरोबर फिरत आलेला, त्याचा विचाराशी काही संबंध नाही. वऱ्हाडीत "काय मनते ते" म्हटलं तर ते मन म्हणजे म्हण, आणि म्हणणे आलंय भण् वरून. मनाई आलीय अरबीतून, ती मनाची कोणी लागत नाही, सासूबाईंची मनाई असली तरी. आणि मान. तो मान म्हणजे आदर, मन् वरून. ती मान म्हणजे गळ्यामागची, ती मन्या ह्या वेगळ्याच शब्दावरून, संस्कृतात मन्या म्हणजे मानेचा मागचा भाग. तुझ्या घरात सध्या तो मान मिळत नाही म्हणून सगळ्यांनी ती मान फिरवलीय, आणि दोन्हींचं मूळ वेगळं आहे हे सांगून कोणाचीही मान इकडे वळणार नाही.

ह्याच्यावरूनच मला तुझ्या प्रश्नाबद्दल जरा बोलायचंय. तू लिहिलंस "मूळ, खरा अर्थ". मूळ आणि खरा हे दोन शब्द तू एकाच श्वासात लिहिलेस, आपण सगळेच लिहितो. पण जुना अर्थ म्हणजे खरा अर्थ असं कोणी ठरवलं? शिक्षा घे. संस्कृतात शिकवणं. शेजारी छिंदवाड्याला गेलीस तर अजूनही शिक्षा विभाग म्हणजे मुलांना शिकवणारं खातं. आणि आपल्या मराठीत शिक्षा म्हणजे वर्गाबाहेर उभं राहणं. उद्या तुझ्या मुलीला बाईंनी शिक्षा केली आणि तू "मूळ अर्थ चांगला आहे" म्हणून खूश झालीस तर कसं दिसेल? चेष्टा तसंच, हिंदीत प्रयत्न, मराठीत टिंगल. साहस म्हणजे आज आपण शाबासकी देतो पण जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे जबरदस्तीचे गुन्हे, खून दरोडे त्यात मोडायचे. तर मूळ अर्थ हा शब्दाचा जन्मदाखला असतो, त्याच्यावरून वय कळतं, सध्या तो काय करून राहिला ते कळत नाही.

मनस्वीचंही तेच आहे. सासरे म्हणतात ते संस्कृतापुरतं एकदम बरोबर आहे. मनस् ला विन् प्रत्यय लागून मनस्विन्, त्याचं पुल्लिंगी रूप मनस्वी, बाईला मनस्विनी. तेजस्वी तेजस्विनी, यशस्वी यशस्विनी, तपस्वी तपस्विनी, सगळे त्याच साच्यातले. पाणिनीचं सूत्रच आहे, अस्मायामेधास्रजो विनिः, म्हणजे अस् ने संपणाऱ्या शब्दांना आणि माया, मेधा, स्रज् ह्यांना विन् लागतो, हे त्यांच्यासमोर म्हणून बघ, माणूस विरघळेल. पण त्यांना हेही प्रेमाने विचार की मराठीत आपण "तेजस्वी मुलगी" म्हणतो का नाही, "ती यशस्वी झाली" म्हणतो का नाही. म्हणतोच, आणि कोणताही मराठीचा मास्तर त्याखाली लाल रेघ मारत नाही. मराठीत हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. म्हणजे ते संस्कृतात बरोबर आणि तू मराठीत बरोबर, आणि मुलगी नागपुरात राहणार आहे.

सासूबाईंचंही चूक नाही बरं. हे तुला आवडणार नाही पण त्या ह्या वादातल्या सगळ्यात अचूक माणूस आहेत. संस्कृतात मनस्वी म्हणजे मनाचा मोठा, बुद्धिमान, मानी. पण मराठीत तो शब्द घसरत घसरत आपल्याच तंत्राने चालणारा, कोणाचं न ऐकणारा इथपर्यंत आला. शिवाय "मनस्वी आनंद झाला", "मनस्वी राग आला" म्हणजे खूप, मनापासून, असाही एक वापर आहे. अलीकडे लेखक-कलावंतांबद्दल "मनस्वी माणूस" कौतुकाने म्हणतात. पण बघ गंमत, चित्रकार पुरुष असला की मनस्वी हे कौतुक, आणि घरातली सून असली की मनस्वी ही तक्रार. शब्द तोच. ॲपवरचं दुर्गादेवीचं नाव मात्र सोडून दे, त्या ॲपवाल्यांना ज्या शब्दाचा अर्थ लागत नाही तो देवीच्या नावावर टाकायची सवय आहे, मी एकदा 'रियांशी'चा शोध घेत तीन दिवस घालवले होते.

"पण मन म्हणजे नेमकं काय" ह्याचं उत्तर जुन्या लोकांनीही एका सुरात दिलेलं नाही. सांख्यवाल्यांनी मनाला अकरावं इंद्रिय धरलं, पाच ज्ञानाची, पाच कर्माची आणि हे एक. वेदान्तात अंतःकरणाचे चार कप्पे, मन, बुद्धी, चित्त, अहंकार, त्यात मन बिचारं फक्त "करू का नको" असं करत बसणारं, निर्णय बुद्धीचा. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, बुद्धी सारथी आणि मन म्हणजे लगाम. मला लहानपणी वाटायचं मन म्हणजे उधळलेला घोडा, पण तिथे घोडे वेगळे आहेत, मन ही नुसती दोरी आहे आणि दोरी कोणी धरलीय त्यावर सगळं. न्यायवाल्यांचं तर मला फारच पटतं, ते म्हणाले मन अणूएवढं बारीक आहे, कारण एका वेळी एकच गोष्ट कळते, दोन गोष्टी एकदम कळत नाहीत हीच मन असल्याची खूण. आजच्या मल्टिटास्किंगवाल्यांना हे कोणीतरी सांगा. बौद्ध परंपरेत तर धम्मपदाची पहिली गाथाच मनापासून सुरू होते, मन सगळ्याच्या आधी चालतं अशी, आणि १९५६ नंतर ती गाथा आपल्या गावात किती घरांमध्ये पोचली हे तुला मी सांगायला नको, दीक्षाभूमी आपल्याकडेच आहे. आणि रोजच्या बोलण्यात आपण ह्यातलं काहीच पाळत नाही, मनात येतं, मनातून उतरतं, मन भरतं, मोडतं, खातं, राखावं लागतं, धरावं लागतं. तत्त्ववेत्त्यांचं मन कधी मोडलं असं मी वाचलं नाही, ते आपल्याच मराठीतलं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त आहे, अठ्ठावन्नावं, बारा ऋचांचं. त्यात प्रत्येक ऋचेत एकच गोष्ट म्हटलीय, तुझं जे मन लांब गेलं, यमाकडे, आकाशाकडे, समुद्राकडे, डोंगरांकडे, उषेकडे, जे झालं त्याच्याकडे आणि जे व्हायचंय त्याच्याकडे, ते आम्ही परत वळवतो, इथे राहायला, जगायला. बारा वेळा. कोणीतरी कोणाच्या तरी उशाशी बसून म्हणत असावं. हे तुला एवढ्यासाठी सांगितलं की तू लिहिलंस, कशात मन लागत नाही, झोप नाही, मधेच रडू येतं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस असं रडू येणं फार बायकांना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. तुला अडीच महिने झाले. त्यामुळे हा नावाच्या वादाचा परिणाम म्हणून बाजूला ठेवू नकोस. ज्यांच्याकडे डिलिव्हरी झाली त्या डॉक्टरांना पुढच्या खेपेला बाळाच्या वजनाआधी हे सांग, वाक्य हेच वापर, "मन लागत नाही", त्यांना कळतं. त्याआधी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री तीनलाही लागतो, मराठीत बोलता येतं. त्याचं नावही टेली-मानस आहे, मी मुद्दाम जुळवून आणलेलं नाही. आणि बाळाला किंवा स्वतःला काही करावं असा विचार चाटून जरी गेला तरी त्याच दिवशी नवऱ्याला उठवून दवाखान्यात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. हे पत्र वाचणाऱ्या बाकी नवीन आयांनाही हेच, आणि त्यांच्या नवऱ्यांना जास्त.

आता त्या वाक्याकडे येते. "मलेच मनस्वी मनत होते सारे. विचार तुह्या सासऱ्याले."

तू विचारलंस का?

पत्रावरून वाटतं नाही विचारलं. तुम्ही सगळे शब्दाचा अर्थ शोधून राहिले होते, एक जण ॲपवर, एक जण व्याकरणात, एक जण फॉरवर्डमध्ये, आणि तू मला पत्र लिहिलंस. आणि ज्या बाईला त्या शब्दाचा अर्थ अंगावर झेलून माहीत आहे ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी मनकवडी नाही, त्यांना कोणी, कधी, कशावरून मनस्वी म्हटलं मला माहीत नाही. नोकरी करायची होती म्हणून असेल, माहेरी चार दिवस जास्त राहिल्या म्हणून असेल, आवडीची साडी स्वतःच्या पैशाने घेतली म्हणूनही असेल, त्या काळात एवढंसं पुरायचं (ह्या काळातही पुरतं म्हणा). पण "नाव असं ठेवू नका, स्वभाव तसा होईल" असं जे त्या म्हणाल्या त्याचा अर्थ तू "नात लहरी होईल" असा घेतलास. मला तो "नातीलाही लोक हेच म्हणतील" असा ऐकू येतो. ह्या दोन्हीत फार फरक आहे. माझं चुकतही असेल. पण एकदा तसं वाचून बघ मग त्या तुझ्या विरोधात आहेत असं वाटतं का सांग.

म्हणून माझं म्हणणं, पटवून द्यायचा प्लॅन सोडून दे. मूळ अर्थ कितीही चांगला निघाला तरी तो घेऊन त्यांच्याकडे जाऊ नकोस. ज्याला एखाद्या शब्दाने टोचलंय त्याला डिक्शनरी दाखवणं म्हणजे काटा रुतलेल्याला बाभळीच्या झाडाची माहिती देणं. त्याऐवजी दुपारी सासरे झोपलेले असताना, नवरा ऑफिसला, बाळ त्यांच्या मांडीवर असताना विचार, "आई, तुम्हाला कोण म्हणायचं मनस्वी?" एवढंच. सासऱ्यांना विचार म्हणाल्या आहेत म्हणून त्यांना विचारायला जाऊ नकोस, त्या वाक्याचा अर्थ सासऱ्यांना विचार असा होत नाही, एवढं मराठी तर तुलाही येतं. आणि विचारल्यावर लगेच नावाचा विषय काढायचा नाही. त्या बोलल्या तर ऐक, नाही बोलल्या तर चहा टाक. पहिल्या दिवशी बहुतेक "जाऊ दे वं, जुन्या गोष्टी" म्हणतील. दुसऱ्यांदा दोन-चार दिवसांनी. मनधरणी हा शब्द आपल्याकडे उगाच नाही झालेला, मन धरायला लागतं आणि त्याला वेळ लागतो.

त्यानंतर काय होईल ते दोन्ही बाजूंनी होऊ शकतं. त्यांच्याकडून ऐकल्यावर तुलाच वाटेल की ह्या घरात हा शब्द नको, त्याला फार जुना वास आहे. तर मनस्विनी आहे, सासरेही खूश, किंवा मानसी, सुमती, मेधा, एकाच घरातली नावं आहेत, मनापासून दूर गेल्यासारखं होणार नाही. नाहीतर उलटं, त्यांनाच वाटेल की ज्या शब्दाने मला टोमणे मारले तोच माझ्या नातीचं नाव म्हणून पाळण्यात घातला तर बरं, आणि मग बारशाला त्याच सगळ्यात जोरात "मनस्वी" म्हणतील. मला दुसरं व्हावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पहिलं झालं तर तू हरलीस असं धरू नकोस. आणि तिसरंही असतं, पाळण्यातलं नाव एक आणि कागदावरचं दुसरं, आपल्या आधीच्या पिढीत निम्म्या घरांत असंच होतं, माझ्या मावशीचं खरं नाव मला तिच्या बँकेच्या पासबुकावरून कळलं.

नवऱ्याला एक निरोप दे. त्याने ग्रुपवर काही टाकायचं नाही. आपल्या आईशी बोलायला फॉरवर्ड लागत नाही, आणि त्यांच्या तोंडावर न बोललेली गोष्ट नातेवाइकांसमोर ग्रुपवर मांडली की त्या हरल्या तरी वाईट आणि जिंकल्या तरी वाईट. नणंदेलाही आधीच फोन कर, बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं असतं, ऐन वेळी ती तिसरंच काहीतरी घेऊन आली तर तुमची सगळी मेहनत पाण्यात.

घाई कशाची आहे तेही बघ. बारशाची तारीख ठरलीय म्हणून नाव ठरलंच पाहिजे असं काही कायदा म्हणत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती दवाखान्यामार्फत झालेली असेलच, पण नोंदीत नाव नंतर भरता येतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी सोय आहे, बारा महिन्यांपर्यंत फी न देता आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून. म्हणजे तुझ्याकडे अजून नऊ महिने निवांत आहेत. फक्त एकदा नाव चढलं की बदलणं कटकटीचं असतं, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून आधारपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला चालणार, त्यामुळे मनपाच्या खिडकीवर जायच्या आधी घरीच कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग लिहून घ्या. मनस्वी ठरलं तर स्वी दीर्घ, आणि इंग्रजीत व्ही का डब्ल्यू ते आजच भांडून घ्या, कारण दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पुढे पोरगी दहावीच्या फॉर्मच्या वेळी तुम्हाला धरेल. आणि तेव्हा तिला मनस्वी म्हणायचं का लहरी हे तिचं तीच सांगेल.

सासूबाई काय म्हणाल्या ते जमलं तर कळव, छापणार नाही. आणि घुगऱ्या हरभऱ्याच्या केल्या का गव्हाच्या, तेही.